स्पॅनिशमधलं रिफ्लेक्झिव्ह क्रियापद वर्तमानकाळात कसं चालवायचं

स्पॅनिशच्या डिक्शनरीत काही क्रियापदं दोनदा भेटतात, एकदा साधी आणि एकदा शेवटी 'से' चिकटलेली. लेबान्तार आणि लेबान्तार्से, लाबार आणि लाबार्से, एस्कोन्देर आणि एस्कोन्देर्से. ह्या 'से'वाल्यांना रिफ्लेक्झिव्ह म्हणतात आणि नवीन शिकणाऱ्या बऱ्याच जणांची गाडी इथे येऊन अडते, कारण सगळीकडे सांगतात की रिफ्लेक्झिव्ह म्हणजे 'स्वतःला', मग लेबान्तार्से म्हणजे काय तर स्वतःला उठवणे. आता सकाळी कोणी स्वतःला उठवतं का, आपण नुसतं उठतो, आणि मग तो 'से' कशाला आहे तेच कळेनासं होतं.

मराठीतून बघितलं तर खरं म्हणजे हे जास्त सोपं आहे. उठणे-उठवणे, लपणे-लपवणे, दमणे-दमवणे अशा जोड्या आपल्याकडे आहेतच ना, त्यात मूळ शब्द आपला आपण करायच्या गोष्टीचा असतो आणि मध्ये 'व' घातला की ती दुसऱ्याच्या बाबतीत करायची गोष्ट होते. स्पॅनिश बरोबर उलट्या टोकाकडून सुरू होतं. तिथे मूळ शब्दच दुसऱ्यावर करायचा असतो, म्हणजे लेबान्तार म्हणजे उठवणे किंवा उचलणे, एस्कोन्देर म्हणजे लपवणे, कान्सार म्हणजे दमवणे, आणि त्याला 'से' लावला की क्रिया दुसऱ्या कोणाकडे न जाता करणाऱ्यापाशीच राहते, मग लेबान्तार्से उठणे, एस्कोन्देर्से लपणे, कान्सार्से दमणे. बान्यार म्हणजे न्हाऊ घालणे, बान्यार्से म्हणजे न्हाणे. कासार म्हणजे (पाद्रीने वगैरे) लग्न लावणे, कासार्से म्हणजे लग्न करणे. एकदा हे डोक्यात बसलं की 'से' कुठे येणार ह्याचा अंदाज यायला लागतो. सगळीच क्रियापदं अशी जोडीने येत नाहीत, केहार्से म्हणजे तक्रार करणे आणि आत्रेबेर्से म्हणजे धजावणे ही रोजच्या वापरात फक्त 'से'सकटच असतात, ती तशीच लक्षात ठेवायची, त्यात तर्क शोधत बसू नका.

पुढे जायच्या आधी उच्चाराचं थोडं, कारण इथे सगळं देवनागरीत कानाला ऐकू येतं तसं लिहितेय. स्पॅनिशमध्ये बी आणि व्ही ह्या दोन्ही अक्षरांचा उच्चार ब सारखाच होतो, त्यामुळे लाबार्से आणि लेबान्तार्से ह्यांच्या स्पेलिंगमध्ये व्ही आहे हे लिहिताना लक्षात ठेवा. जे हे अक्षर घशातून काढलेल्या ह सारखं, डबल एल बहुतेक ठिकाणी य सारखं. त आणि द मात्र अगदी आपलेच दंत्य, ते ट-ड च्या वळणाने बोलू नका, ह्या एका बाबतीत मराठी माणसाला काहीच मेहनत नाहीये.

आता चालवायला घेऊ. रेग्युलर रिफ्लेक्झिव्ह क्रियापदात दोन गोष्टी बदलतात, पुढचं सर्वनाम आणि क्रियापदाचा शेवट, आणि दोन्ही कर्त्याप्रमाणे बदलतात. एवढंच आहे. बाकी सगळ्या चुका ह्यातलं एक बदललं आणि दुसरं तसंच राहिलं ह्यातूनच होतात.

लाबार्से घ्या, म्हणजे हातपाय-तोंड-अंग धुणे. पहिल्यांदा शेवटचा 'से' काढून बाजूला ठेवा, उरतं लाबार. मग त्याचा शेवट बघा, आर आहे का एर आहे का ईर आहे, कारण स्पॅनिशची सगळी क्रियापदं ह्या तीनच घरांतली असतात. लाबार आर-वालं आहे. तो आर पण काढा, उरतं 'लाब'. हे झालं मूळ, ह्याला आता कर्त्याप्रमाणे शेवट लावायचे आणि बाजूला ठेवलेला 'से' कर्त्याप्रमाणे बदलून पुढे आणून ठेवायचा, मधे जागा सोडून, वेगळा शब्द म्हणून.

यो (मी): मे लाबो
तू (तू): ते लाबास
एल, एया, उस्तेद (तो, ती, आपण आदरार्थी): से लाबा
नोसोत्रोस (आम्ही): नोस लाबामोस
बोसोत्रोस (तुम्ही सगळे, स्पेनमध्ये): ओस लाबाइस
एयोस, एयास, उस्तेदेस (ते, त्या, तुम्ही सगळे): से लाबान

शाळेत संस्कृत केलेल्यांना धातू चालवल्यासारखं वाटेल आणि ते तसंच आहे, फक्त इथे द्विवचन नाही म्हणून तीन घरं वाचली. आणखी एक मोठी सुटका म्हणजे लिंग. मराठीत धुतो, धुते, धुतं असं करावं लागतं, स्पॅनिशमध्ये तो पण से लाबा आणि ती पण से लाबा, बोलणारा पुरुष असो की बाई, मे लाबोच.

कर्ता वर लिहिलाय तो फक्त कळावा म्हणून. बोलताना यो मे लाबो असं प्रत्येक वेळी म्हणायची गरज नाही, मराठीत 'उठलास का' म्हणताना तू म्हणावं लागत नाही तसंच, शेवटावरून कळतं. यो, तू हे फक्त जोर द्यायचा असेल किंवा दोघांमधला फरक दाखवायचा असेल तेव्हा. पण, आणि इथे खूप जण घसरतात, मे आणि ते हे मात्र सोडता येत नाहीत. 'यो गाळायचं असतं' हे ऐकलेलं असतं त्यामुळे उत्साहात मे पण गाळला जातो आणि नुसतं 'लाबो' म्हणून मोकळे होतात. लाबो म्हटलं की समोरचा वाट बघत राहतो की काय धुतोस बाबा, गाडी का कपडे. मे लावलात तरच तुमचं स्वतःचं अंग.

आता सगळ्यात मोठी चूक, जी मराठीतून आल्यावर अगदी सहज होते. आपण म्हणतो मी आपलं काम करतो, तू आपलं काम करतोस, ते आपलं काम करतात. 'आपला' सगळ्यांना सारखाच, 'स्वतः' पण सगळ्यांना सारखाच. त्यामुळे आपल्या डोक्याला सवय असते की हा रिफ्लेक्झिव्ह शब्द कर्त्याप्रमाणे बदलत नाही, आणि मग तोंडातून येतं 'यो से लेबान्तो'. डिक्शनरीत 'से' दिसतो म्हणून तो सगळीकडे तसाच चिकटवला जातो. नाही. 'से' फक्त तो, ती, ते आणि उस्तेद-उस्तेदेस ह्यांच्यासाठी. मी असेल तर मे, तू असेल तर ते, आम्ही असेल तर नोस. डिक्शनरीतला 'से' ही नुसती पाटी आहे की हे क्रियापद ह्या जातीचं आहे.

आणि दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर काय होतं, ते जरा बघण्यासारखं आहे, कारण बरेचदा वाक्य चुकत नाही, भलतंच होतं. यामार म्हणजे हाक मारणे किंवा फोन करणे, यामार्से म्हणजे नाव असणे. मे यामो आना म्हणजे माझं नाव आना. आता शेवट तेवढा बदला, मे यामास, झालं 'तू मला फोन करतोस'. सर्वनाम तेवढं बदला, ते यामो, झालं 'मी तुला फोन करते'. दोन्ही वाक्यं एकदम बरोबर स्पॅनिश आहेत, कोणी तुम्हाला अडवणार पण नाही, फक्त तुम्हाला म्हणायचं होतं ते हे नव्हतं. तसंच मे लेबान्तो म्हणजे मी उठते, ते लेबान्तो म्हणजे मी तुला उठवते किंवा उचलून घेते. म्हणजे सर्वनाम आणि शेवट एकाच माणसाकडे बोट दाखवत असतील तरच ते रिफ्लेक्झिव्ह, नाहीतर एक करणारा आणि दुसरा सोसणारा. म्हणून मी नेहमी सांगते की टेबल वरून खाली धडाधड पाठ करू नका, मे-ओ, ते-आस, से-आ अशा जोड्या करून पाठ करा, मे ऐकलं की तोंडात ओ आलाच पाहिजे.

एर आणि ईर च्या घरात सर्वनामं तीच राहतात, फक्त शेवट बदलतात. एस्कोन्देर्से (लपणे) असं चालतं: मे एस्कोन्दो, ते एस्कोन्देस, से एस्कोन्दे, नोस एस्कोन्देमोस, ओस एस्कोन्देइस, से एस्कोन्देन. म्हणजे जिथे आ होता तिथे ए आला, बाकी काही नाही. ईर-वाल्यांचं उदाहरण आबुर्रीर्से, कंटाळणे: मे आबुर्रो, ते आबुर्रेस, से आबुर्रे, नोस आबुर्रीमोस, ओस आबुर्रीस, से आबुर्रेन. नीट बघितलं तर एर आणि ईर फक्त आम्ही आणि बोसोत्रोस ह्या दोनच ठिकाणी वेगळे होतात, एमोस च्या जागी ईमोस आणि एइस च्या जागी ईस, बाकी चार जागी जुळे भाऊ. आणि 'मी' तर तिन्ही घरांत ओ नेच संपतो.

जोर कुठे द्यायचा हे पण सांगून ठेवते कारण त्याने काळ बदलतो. मे लेबान्तो मध्ये जोर 'बान' वर. आम्ही आणि बोसोत्रोस सोडून सगळीकडे जोर मुळावरच असतो, त्या दोघांत तो पुढे शेवटावर सरकतो, लेबान्तामोस मध्ये 'ता' वर. एकेरी रूपात शेवटच्या ओ वर जोर देऊन 'से लेबान्तो' म्हणालात तर ते 'तो उठला' होतं, भूतकाळ, आणि लिहिताना त्या ओ वर तिरकी रेघ येते. आणखी एक गंमत, आर आणि ईर वाल्यांमध्ये नोस लेबान्तामोस हे 'आम्ही उठतो' पण आहे आणि 'आम्ही उठलो' पण, संदर्भावरून ओळखायचं, स्पॅनिश बोलणारे पण तेच करतात.

कोणाला कुठलं रूप हा भाग पुस्तकं एका ओळीत उरकतात पण बोलताना इथेच अडखळायला होतं. उस्तेद म्हणजे समोरच्याला आदराने 'आपण' म्हणणं, समोर बसलेला माणूस आहे तरी त्याला तो-ती चं रूप, से लाबा. मराठीत 'आपण बसावं' म्हणताना थोडं असंच अंतर ठेवलं जातं त्यामुळे कल्पना परकी नाहीये, फक्त सवय करायची. अनेकजण समोर असतील तर स्पेनमध्ये बहुतेक ठिकाणी मित्रमंडळींना बोसोत्रोस आणि ओस, आदराने असेल तर उस्तेदेस आणि से. लॅटिन अमेरिकेत सरसकट उस्तेदेस आणि से, तिथे ओस ऐकायलाच मिळत नाही, स्पेनच्याच कॅनरी बेटांवर पण रोजच्या बोलण्यात उस्तेदेस चालतं. म्हणजे मेक्सिको, कोलंबिया, पेरू अशा देशांमधल्या लोकांशीच बोलायचं असेल तर ओस लाबाइस हे घर ओळखता आलं तरी पुरे, तोंडावर बसवायला वेळ घालवला नाही तरी काही बिघडत नाही असं माझं मत.

अर्जेंटिना आणि उरुग्वेमध्ये 'तू' च्या जागी 'बोस' म्हणतात, मध्य अमेरिकेतही बऱ्याच भागांत म्हणतात. घाबरू नका, सर्वनाम तेच 'ते' राहतं, फक्त क्रियापदाचा जोर शेवटावर जातो: बोस ते लेबान्तास, जोर 'तास' वर आणि लिहिताना त्या आ वर रेघ. ईर-वाल्यात मात्र बोस ते आबुर्रीस होतं, आबुर्रेस नाही.

कर्ता दोन माणसांचा जोड असेल तर आधी मनात तो एका शब्दात करा. मि एर्माना इ यो, माझी बहीण आणि मी, म्हणजे आम्ही, म्हणून मि एर्माना इ यो नोस लेबान्तामोस तेम्प्रानो, आम्ही लवकर उठतो. वाक्यात आम्ही हा शब्द कुठेच नाही त्यामुळे जवळचा 'यो' बघून मे लावायचा मोह होतो. आणि एक खास आपल्यासाठीचा सापळा म्हणजे हेन्ते, लोक. मराठीत लोक अनेकवचनी, लोक तक्रार करतात, पण स्पॅनिशमध्ये ला हेन्ते हे एकवचनी स्त्रीलिंगी नाम आहे, त्यामुळे ला हेन्ते से केहा, से केहान नाही. से दोन्हीकडे सारखाच असल्यामुळे ही चूक पटकन लक्षात पण येत नाही.

सर्वनाम बसतं कुठे? चालवलेल्या क्रियापदाच्या लगेच आधी, मधे काही येऊ द्यायचं नाही. नकार असेल तर 'नो' त्याच्याही आधी: नो मे लेबान्तो तेम्प्रानो, मी लवकर उठत नाही. 'मे नो लेबान्तो' कधीच नाही. नुन्का म्हणजे कधीच नाही, ते पण तसंच पुढे, नुन्का से केहान, ते कधीच तक्रार करत नाहीत. प्रश्नात काहीच हलवायचं नाही, ते लाबास लास मानोस ह्यालाच आवाज चढवला की 'हात धुतोस का' झालं, लिहिताना पुढेमागे दोन्हीकडे प्रश्नचिन्ह, पुढचं उलटं. किती वाजता उठतेस विचारायचं तर आ के ओरा ते लेबान्तास, आणि उत्तर मे लेबान्तो आ लास सेइस, सहाला उठते. उत्तर देताना प्रश्नातला ते तसाच उचलून परत ठेवू नका, ते चं मे आणि आस चं ओ, दोन्ही एकदम फिरवा.

दोन क्रियापदं एकत्र आली की मात्र दोन रस्ते असतात आणि दोन्ही बरोबर. हात धुवायचे आहेत, इच्छा आहे: मे किएरो लाबार लास मानोस, किंवा किएरो लाबार्मे लास मानोस. म्हणजे सर्वनाम एकतर सगळ्यात पुढे वेगळं, नाहीतर दुसऱ्या क्रियापदाच्या शेपटीला चिकटून एकच शब्द. मधे अधांतरी, किएरो मे लाबार, असं नाही. आणि मुख्य म्हणजे मागे चिकटवलं म्हणून 'किएरो लाबार्से' असं डिक्शनरीतलं रूप जसंच्या तसं टाकायचं नाही, मागे गेलं तरी ते कर्त्याप्रमाणेच बदलतं. बास आ केदार्ते म्हणजे तू राहणार आहेस ना, तेनेमोस के केदार्नोस म्हणजे आम्हाला राहावं लागणार. आन्तेस दे दुचार्मे म्हणजे मी शॉवर घ्यायच्या आधी, इथे चालवलेलं क्रियापद पुढे नाहीच त्यामुळे चिकटवायलाच लागतं. चालू क्रिया सांगताना पण दोन्ही चालतं, मे एस्तोइ लाबान्दो किंवा एस्तोइ लाबान्दोमे, फक्त दुसऱ्यात शब्द लांबल्यामुळे लिहिताना 'बान' मधल्या आ वर रेघ द्यावी लागते. जिथे कर्ता कोणीच नाही, सगळ्यांनाच लागू असं बोलणं आहे, तिथे मात्र 'से' आहे तसा राहतो: आइ के लाबार्से लास मानोस, हात धुतले पाहिजेत. तो-ती-ते आणि उस्तेद-उस्तेदेस कर्ता असताना मुळातच 'से' येतो, ते सोडलं तर एवढ्या एका ठिकाणी डिक्शनरीतलं रूप जसंच्या तसं वापरता येतं.

अवयव आणि कपडे ह्यांच्याबद्दल इंग्लिशमधून स्पॅनिश शिकणाऱ्यांना जो त्रास होतो तो आपल्याला व्हायला नको, पण आपण इंग्लिशच्या मार्गाने विचार करतो म्हणून होतो. मराठीत आपण 'मी हात धुते' म्हणतो, माझे हात धुते म्हणत नाही. स्पॅनिश पण तसंच, मे लाबो लास मानोस, 'मिस मानोस' नाही, कारण कोणाचे हात ते 'मे' ने आधीच सांगून टाकलंय. फक्त लास विसरायचं नाही (मानो शब्द ओ ने संपला तरी स्त्रीलिंगी आहे म्हणून लास, लोस नाही). मे सेपियो लोस दिएन्तेस, दात घासते. से किता लोस सापातोस, तो बूट काढतो. आणि अनेकजण मिळून प्रत्येकी एकच वस्तू काढत असतील तर ती वस्तू एकवचनी: नोस कितामोस एल सोम्ब्रेरो, आम्ही हॅट काढतो, माणसं दहा असली तरी हॅट एकवचनीच, कारण डोक्यावर प्रत्येकाच्या एकेकच.

दुसऱ्याचे हात धुवून देत असाल तर गोष्ट वेगळी, ले लाबो लास मानोस आल निन्यो, मी मुलाचे हात धुते. इथे 'ले' आला, 'से' नाही. हा ले-से चा फरक एक चांगली चाचणी आहे. मे गुस्ता, मला आवडतं, ह्यात पण मे दिसतो म्हणून तो रिफ्लेक्झिव्ह वाटतो, पण तो-ती वर नेऊन बघा, ले गुस्ता होतं, से गुस्ता नाही, म्हणजे हे रिफ्लेक्झिव्ह नव्हतंच. शंका आली की तिसऱ्या पुरुषात नेऊन बघायचं, से आला तरच ही जात, ले आला तर दुसरी.

कंटाळ्याच्या बाबतीत तर मराठी माणूस हमखास फसतो. आपल्याला कंटाळा येतो, 'मला कंटाळा येतो', त्यात मी कर्ता नाहीच, कंटाळा कर्ता. त्यामुळे मे आबुर्रे असं तोंडात येतं आणि ते बरोबर वाटतं, कारण मे म्हणजे मला आणि पुढचं तिसऱ्या पुरुषात. पण मे आबुर्रे म्हणजे 'ते (पिक्चर, लेक्चर जे काही असेल ते) मला बोअर करतं'. मला कंटाळा येतोय म्हणायचं तर मे आबुर्रो, मी कंटाळते. राग, काळजी, दमणूक सगळ्यांचं हेच. मला काळजी वाटते, मे प्रेओकुपो. मला राग येतो, लॅटिन अमेरिकेत मे एनोहो आणि स्पेनमध्ये मे एन्फादो. मला दमायला होतं, मे कान्सो. मराठीत ह्या सगळ्या भावना आपल्याकडे चालून येतात, स्पॅनिशमध्ये त्या आपण स्वतः करतो, म्हणून शेवट 'मी' चा, ओ. मे प्रेओकुपा पण ऐकायला मिळेल, पण त्यात काळजी लावणारी गोष्ट दुसरी कोणतीतरी असते.

अनेकवचनात हीच रूपं 'एकमेकांना' ह्या अर्थानेही चालतात, नोस आब्रासामोस म्हणजे आम्ही एकमेकांना मिठी मारतो, से एस्क्रीबेन म्हणजे ते एकमेकांना लिहितात. वेगळं काही शिकायचं नाही.

लिहिताना रेघांकडे लक्ष द्या. ते ह्या सर्वनामावर रेघ नाही, रेघ दिलीत तर तो चहा होतो. से वर रेघ दिलीत तर 'मला माहीत आहे' होतं. कर्ता तू वर मात्र रेघ असते, नाहीतर तो 'तुझा' होतो. बोसोत्रोसच्या रूपांत पण, लाबाइस मधल्या आ वर, एस्कोन्देइस मधल्या ए वर, आबुर्रीस मधल्या ई वर.

आणि इथे जे सांगितलं ते रेग्युलर क्रियापदांचं. झोपायला जाणे आकोस्तार्से, जागे होणे देस्पेर्तार्से, बसणे सेन्तार्से, कपडे घालणे बेस्तीर्से ही रोज लागणारीच क्रियापदं नेमकी मुळात बदलतात, मे आकुएस्तो, मे देस्पिएर्तो, मे सिएन्तो, मे बिस्तो, पण आम्ही म्हणताना मूळ परत जागेवर येतं, नोस आकोस्तामोस. सर्वनामांचं आणि शेवटांचं काम तसंच चालतं त्यामुळे आधी रेग्युलरवर हात बसवा, ही नंतर सोपी जातात. सुरुवातीला ही बाजूला ठेवून लेबान्तार्से, दुचार्से, पेइनार्से (केस विंचरणे), सेकार्से (अंग पुसणे), आफेइतार्से (दाढी करणे), माकियार्से (मेकअप करणे), केदार्से (राहणे, थांबणे), मेतेर्से (आत शिरणे), सुबीर्से (वर चढणे, गाडीत चढणे) एवढीच घ्या, ही सगळी सरळ आहेत.

सरावाला मी एकच पद्धत सुचवेन, आणि ती टेबल लिहून काढण्यापेक्षा जास्त कामाची आहे. सकाळची तीन वाक्यं घ्या, मे लेबान्तो आ लास सेइस, मे दुचो, मे पेइनो. ती मोठ्याने म्हणा. मग तीच आईबद्दल म्हणा, मि माद्रे से लेबान्ता आ लास सेइस, से दुचा, से पेइना. मग समोरच्याला विचारल्यासारखी, ते लेबान्तास, ते दुचास, ते पेइनास. मग घरातले सगळे मिळून, नोस लेबान्तामोस, नोस दुचामोस, नोस पेइनामोस. दर वेळी दोन्ही टोकं बदलली का ते कानाने तपासा, लिहून नाही, कारण बोलताना कागद बघायला वेळ नसतो. हे जमलं की आकडा बदला आणि पुढे मान्याना लावा, मान्याना मे लेबान्तो आ लास सिएते, उद्या मी सातला उठते. ठरलेली गोष्ट असली की आपल्यासारखाच स्पॅनिशमध्येही वर्तमानकाळ उद्यासाठी चालतो, वेगळा भविष्यकाळ शिकेपर्यंत थांबायची गरज नाही. त्यानंतर प्रत्येक वाक्याला 'नो' लावून बघा आणि मग 'किएरो' लावून, किएरो लेबान्तार्मे, मि माद्रे किएरे लेबान्तार्से, केरेमोस लेबान्तार्नोस. ह्या शेवटच्या फेरीत जीभ अडखळली तर तिथेच थांबून तेवढीच फेरी परत करा, पुढच्या क्रियापदाकडे पळू नका.